विश्लेषण : मित्राचे मृत्युपत्र आणि टिळकांची दोन दशके... ताईमहाराज प्रकरणातून आजच्या कुटुंबांनी काय शिकावे?

लोकमान्य टिळक म्हटले की केसरी, गणेशोत्सव, मंडाले आणि गीतारहस्य आठवते. पण त्यांच्या आयुष्यातील वीसहून अधिक वर्षे व्यापून राहिलेला एक कागद राजकारणाचा नव्हता. तो होता एका मित्राने मृत्यूच्या दिवशी केलेल्या मृत्युपत्राचा. त्या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर आणि विश्वस्त होणे टिळकांना इतके महागात पडले, की खोटी साक्ष दिल्याचा आरोप, तुरुंगवासाची शिक्षा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंतची लढाई आणि परदेशातील बदनामी असे सारे त्यांच्या वाट्याला आले. हे प्रकरण नेमके काय होते, आणि मृत्युपत्र, प्रोबेट, वारसा यांचा विचार करणाऱ्या आजच्या घरांसाठी त्यात काय आहे?

बाबा महाराज कोण होते?

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्यातील पहिल्या वर्गाचे सरदार. घराणे जुने आणि प्रतिष्ठित. पुण्याबरोबरच कोल्हापूर भागातही त्यांची मिळकत होती. टिळकांशी त्यांचा स्नेह होता. टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली होती आणि पुढे काही वर्षे कायद्याचे वर्गही चालवले होते. घरच्या मिळकतीविषयी अडचण आली की सल्ला विचारावा असा जाणता आणि भरवशाचा माणूस, हीच मित्रमंडळींत त्यांची ओळख होती.

१८९७ चे ते वर्ष पुण्यासाठी भयंकर होते. प्लेगची साथ, रँडचा खून आणि त्यानंतरची धरपकड. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ४ ऑगस्टला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला आणि टिळक पुण्याला परतले. इकडे बाबा महाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. ७ ऑगस्टला त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

स्वतःवर राजद्रोहाचा खटला उभा असताना दुसऱ्याच्या इस्टेटीचे ओझे अंगावर घेणे शहाणपणाचे नव्हते, असे आज कोणीही म्हणेल. पण मरणाच्या दारातील मित्राला नाही म्हणणे टिळकांना जमले नाही.

मृत्युपत्रात काय लिहिले होते?

बाबा महाराजांच्या मागे त्यांची पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज होत्या. वयाने अगदी लहान, आणि त्या वेळी गरोदर. मृत्युपत्राचा आशय असा होता : मुलगा झाला तर तो वारस. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने शास्त्रानुसार मुलगा दत्तक घ्यावा. तो सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी पाहावा. विश्वस्तांमध्ये टिळकांबरोबर अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर आणि नागपूरकर यांची नावे होती.

कागदावर व्यवस्था नीट दिसते. मुलाचा विचार आहे, मुलगा नसण्याचाही विचार आहे, कारभाराचीही सोय आहे. पण एक प्रश्न मोकळाच राहिला. पत्नीला एक मुलगा हवा असेल आणि विश्वस्तांना दुसरा, तर शेवटचा शब्द कोणाचा? पुढची सारी भांडणे याच प्रश्नातून उभी राहिली.

प्रोबेट म्हणजे काय?

मृत्युपत्र हा खासगी कागद असतो. तो खरा आहे का, शेवटचा आहे का, करणाऱ्याने तो शुद्धीत आणि स्वखुशीने केला का, याची खातरजमा करून न्यायालय त्यावर शिक्कामोर्तब करते आणि त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरला अधिकार असल्याचे जाहीर करते. या शिक्कामोर्तबाला प्रोबेट म्हणतात. बँक, कर्जदार, भाडेकरू, सरकारी कचेरी या सगळ्यांना त्यामुळे कळते की मयताच्या मालमत्तेविषयी कोणाशी बोलायचे.

एक्झिक्युटर मालक नसतो. मालमत्ता गोळा करायची, अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवायची, येणी वसूल करायची, हिशेब ठेवायचा आणि उरलेले मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे त्याला द्यायचे, हे त्याचे काम. विश्वस्ताचे काम याहून लांबते. वारस अज्ञान असेल तर तो मोठा होईपर्यंत मालमत्ता सांभाळावी लागते. टिळकांकडे या दोन्ही जबाबदाऱ्या होत्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रोबेट देणारे न्यायालय मृत्युपत्राचा खरेपणा तपासते. मयताने ज्या जमिनीविषयी किंवा घराविषयी लिहिले, ते खरोखर त्याच्याच मालकीचे होते का, याचा निवाडा तिथे होत नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागतो. सामान्य माणसाला ही सीमारेषा ठाऊक नसते. ताईमहाराज प्रकरणात तर ती न्यायालयातही पुसट झाली.

टिळक तुरुंगात, इस्टेट कर्जात...

मृत्युपत्रावर सही होऊन सव्वा महिनाही झाला नव्हता, तोच १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच जानेवारी १८९८ मध्ये ताईमहाराजांना मुलगा झाला. दोन महिन्यांतच, मार्चमध्ये, तो दगावला. मृत्युपत्रातील दत्तकाचे कलम आता लागू झाले.

सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटून आले आणि त्यांनी इस्टेटीत लक्ष घातले. इस्टेटीवर कर्ज होते. सरदारी थाटाचे खर्च कमी केल्याशिवाय ते फिटणार नव्हते. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ज्या घरात ही कात्री लागली, तिथे नवरा आणि तान्हे मूल वर्षभरात गमावलेली एक तरुण विधवा राहत होती. आपल्याच घरातील खर्चासाठी परक्या पुरुषांकडे मागणी करावी लागणे तिला खटकले नसते तरच नवल. त्यातच तिच्या कानाशी लागणारी माणसेही होती. विश्वस्तांमध्येही पुढे फूट पडली.

औरंगाबादेत नेमके काय घडले?

जून १९०१ मध्ये पुण्यात विश्वस्तांची बैठक झाली. दत्तक मुलगा घराण्याच्याच एखाद्या शाखेतून घ्यावा, असा विचार पुढे आला. अशी एक शाखा तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ होती. ताईमहाराज, टिळक, खापर्डे आणि इतर मंडळी तिकडे गेली. मुले पाहण्यात आली आणि जगन्नाथ नावाच्या लहान मुलाची निवड झाली. २७ आणि २८ जूनला दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे होते.

हिंदू कायद्यात दत्तकाचा गाभा म्हणजे मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे. जन्मदात्याने मूल द्यायचे, घेणाऱ्या आईने ते मांडीवर घ्यायचे. एकदा हे रीतसर झाले की माघार नाही. त्यामुळे औरंगाबादेत जे झाले ते पूर्ण दत्तविधान होते, की नुसती मुलाची पसंती आणि प्राथमिक बोलणी, यावर साऱ्या इस्टेटीचे भवितव्य ठरणार होते.

पुण्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत चित्र पालटले. औरंगाबादेतील दत्तक आपल्याला मान्य नाही, अशी भूमिका ताईमहाराजांनी घेतली आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पंडित घराण्यातील बाळा महाराज यांना दत्तक घेतले. आता एका इस्टेटीला दोन दत्तक वारस झाले.

ताईमहाराजांची बाजू काय होती?

या प्रकरणाची गोष्ट बहुधा टिळकांच्या बाजूने सांगितली जाते. न्यायालयाचा अंतिम निकालही त्यांच्याच बाजूने लागला. तरीही त्या मुलीची बाजू समजून घेतल्याशिवाय हा वाद कळत नाही.

त्या काळी विधवेला पतीच्या मिळकतीत आजच्यासारखा पूर्ण मालकी हक्क नव्हता. मिळकत दत्तक मुलाच्या नावे व्हायची आणि विधवेचे पुढचे आयुष्य त्या मुलाच्या, तसेच त्याच्या जन्मदात्या कुटुंबाच्या वागण्यावर अवलंबून राहायचे. कोणाला दत्तक घ्यायचे, हा तिच्यासाठी उरलेल्या आयुष्याचा प्रश्न होता. मुंबई इलाख्यात विधवेला पतीने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येत असे. इथे मात्र पतीने मृत्युपत्रातच विश्वस्तांच्या संमतीची अट घातलेली. जो एक निर्णय तिचा म्हणता आला असता, त्यालाही दुसऱ्यांच्या होकाराची गरज होती.

मृत्युपत्र करताना तिला विचारले गेले असते आणि मतभेद झाल्यास काय करायचे हे दोन ओळींत लिहिले असते, तर कदाचित पुढचे टळले असते. पण पटकीने गाठलेल्या माणसाकडे त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

प्रोबेटच्या अर्जाचा फौजदारी खटला कसा झाला?

जुलै १९०१ मध्ये ताईमहाराजांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला. मृत्युपत्रानंतर मुलगा जन्मला, म्हणून विश्वस्तांचे काम संपले आणि त्यांना दिलेले प्रोबेट रद्द करावे, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न खरे तर मर्यादित होता. पण जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढील चौकशी दत्तकाच्या वादात खोल शिरली. औरंगाबादेत काय झाले, कोणी काय पाहिले, मूल मांडीवर दिले की नाही, यावर टिळकांची दीर्घ उलटतपासणी झाली.

एप्रिल १९०२ मध्ये ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले. एवढ्यावर न थांबता टिळकांनी खोटी साक्ष दिल्याचा आणि इतर गुन्ह्यांचा ठपका ठेवून त्यांना फौजदारी न्यायालयाकडे पाठवले. प्रोबेटचा प्रश्न हायकोर्टात गेला आणि टिळक विरुद्ध सकवारबाई या नावाने कायद्याच्या अहवालांत नोंदला गेला. पण टिळकांपुढचे मोठे संकट आता फौजदारी खटल्याचे होते.

राजद्रोहाचा आरोप लोकांनी सन्मानासारखा पाहिला होता. खोट्या साक्षीचा आरोप तसा नव्हता. तो सिद्ध झाला असता तर विधवेच्या इस्टेटीत खोटेपणा करणारा माणूस हा डाग कायमचा लागला असता, आणि राजकीय विरोधकांना वेगळे काही करण्याची गरजच उरली नसती. पुण्यात न्यायदंडाधिकारी क्लेमंट्स यांच्यापुढे खटला चालला. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांनी टिळकांना दोषी ठरवून दीड वर्षाची सक्तमजुरी आणि दंड ठोठावला. सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. अखेर मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या खंडपीठाने शिक्षा रद्द करून टिळकांना निर्दोष सोडले.

या धामधुमीतच, १९०३ मध्ये, आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे असावे असे मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दिवसा कोर्टाच्या तारखा आणि उरलेल्या वेळी वेदांचा अभ्यास, असे ते दिवस होते.

दिवाणी दाव्याचा शेवट कुठे झाला?

निर्दोष सुटका झाली, तरी खरा वारस कोण हे ठरायचेच होते. जगन्नाथाचे दत्तविधान कायदेशीर ठरवावे यासाठी दिवाणी दावा चालू होता. जुलै १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. प्रतिपक्ष हायकोर्टात गेला.

दरम्यान १९०८ मध्ये टिळकांवर दुसरा राजद्रोहाचा खटला झाला आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर त्यांची रवानगी मंडालेला झाली. ते तिथे असताना १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने पुण्याचा निकाल फिरवला. औरंगाबादच्या दत्तविधानाचा पुरावा हायकोर्टाने मानला नाही. म्हणजे टिळक आणि त्यांचे साक्षीदार खरे बोलत नव्हते, असा त्याचा अर्थ झाला. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही टिळक मंडालेतच होते. मित्राच्या इस्टेटीचा दावा मात्र संपत नव्हता.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला : औरंगाबादेत झालेले दत्तविधान खरे आणि कायदेशीर आहे, म्हणून नंतरच्या दत्तकाला अर्थ उरत नाही. ज्या साक्षीदारांना हायकोर्टाने खोटे मानले, त्यांना तो आरोप उलटतपासणीत समोर ठेवून उत्तर देण्याची संधीच दिली गेली नव्हती, यावरही प्रिव्ही कौन्सिलने बोट ठेवले. साक्षीदारावर अविश्वास दाखवण्याआधी त्याला खुलाशाची संधी द्यायला हवी, या तत्त्वासाठी टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित हा निकाल भारतातील न्यायालयांत पुढेही उद्धृत होत राहिला. त्याच वर्षी गीतारहस्य प्रसिद्ध झाले.

बाबा महाराजांच्या मृत्यूला तोवर १७ वर्षे उलटून गेली होती. मृत्यूच्या वेळी पोटात असलेले मूल जगले असते, तर ते एव्हाना तरुण झाले असते.

प्रकरण तिथेही संपले नाही?

नाही. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात भारतातील असंतोषाविषयी लिहिताना टिळकांवर जी टीका केली, तिच्यात ताईमहाराज प्रकरणाचाही समावेश होता. टिळकांनी चिरोल यांच्यावर बदनामीचा दावा लावला. त्यासाठी १९१८ मध्ये ते लंडनला गेले. चिरोल यांच्या बाजूने एडवर्ड कार्सन हे नामांकित वकील उभे होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्युरीने टिळकांच्या विरोधात निकाल दिला आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. तो भागवण्यासाठी लोकांनी निधी उभा केला.

प्रिव्ही कौन्सिलने ज्या प्रकरणात टिळकांना खरे ठरवले, तेच प्रकरण चार वर्षांनी त्याच शहरात त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.

आज कायदा किती बदलला आहे?

खूप. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीला पूर्ण मालकीचा हक्क दिला. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत, हे अनेकांना माहीत नसते. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने विधवेला स्वतःच्या निर्णयाने दत्तक घेण्याचा अधिकार दिला. आज ताईमहाराज असत्या, तर त्या स्वतःच पतीच्या वारस ठरल्या असत्या.

मृत्युपत्राचे नियम १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात आहेत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. हयातीत ते कितीही वेळा बदलता येते.

प्रोबेटसाठी अर्ज केल्यावर जवळच्या नातलगांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि काही महिन्यांचे काम वर्षांवर जाते. प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयाला द्यायचा असतो. मुंबईतील मिळकतींच्या बाबतीत प्रोबेटचा आग्रह वर्षानुवर्षे धरला गेला. याविषयीचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे आपल्या प्रकरणात ते लागेल का, हे वकिलाकडून ताजे जाणून घ्यावे.

मृत्युपत्र आहे, पण एक्झिक्युटर नेमलेला नाही किंवा तो हयात नाही, अशा वेळी न्यायालयाकडून मिळकतीच्या कारभाराचे अधिकारपत्र घ्यावे लागते. मृत्युपत्रच नसेल तर शेअर, ठेवी, येणी यांसाठी वारसा दाखला मागितला जातो. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई नियमावलीखाली न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आजही चालू आहे.

मग घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट वेळेची. मृत्युपत्र आजारपणात, घाईत आणि शेवटच्या दिवशी केले की त्यावर संशय घेणे सोपे जाते आणि त्यात पळवाटाही राहतात. प्रकृती चांगली असताना, डोके शांत असताना ते करावे. वयस्कर व्यक्तीने करताना त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढे उपयोग होतो.

दुसरी, जर-तरची. बाबा महाराजांनी मुलगा न होण्याचा विचार केला, पण मतभेदाचा केला नाही. ज्याला घर दिले तो आपल्या आधी गेला तर? एक्झिक्युटर आपल्या आधी गेला किंवा टिळकांसारखा अडचणीत सापडला तर? दोन मुलांनी मिळून निर्णय घ्यायचा आहे आणि त्यांचे पटले नाही तर? या प्रत्येक प्रश्नाला एक ओळ द्यावी. पर्यायी एक्झिक्युटरचे नाव जरूर लिहावे.

तिसरी, एक्झिक्युटरच्या संमतीची. नुसते नाव घालू नये. त्याला आधी विचारावे, कर्जे किती, घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, हे मोकळेपणाने सांगावे. नाही म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, आणि काम हाती घेतल्यानंतर सोडण्यापेक्षा आधी नाही म्हटलेले परवडते. कोणी तुम्हाला एक्झिक्युटर नेमत असेल, तर मैत्रीखातर मान हलवण्याआधी हे सारे विचारा. काम स्वीकारलेच, तर प्रत्येक बैठकीची नोंद, प्रत्येक खर्चाची पावती आणि प्रत्येक निर्णयावर संबंधितांच्या सह्या ठेवा. औरंगाबादेत काय झाले हे ठरवायला न्यायालयांना १४ वर्षे लागली.

चौथी, कर्जाची. वारसांना मिळते ते देणी भागवून उरलेले. गृहकर्ज, हातउसने, जामीनकी यांची यादी मृत्युपत्रासोबत ठेवावी. मागे राहणाऱ्या माणसाच्या घरखर्चाची सोयही स्पष्ट लिहावी, म्हणजे त्याला दर महिन्याला हात पसरावे लागणार नाहीत.

पाचवी, नॉमिनीची. बँकेत, म्युच्युअल फंडात किंवा सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे वारसा ठरला, हा गैरसमज घरोघरी आहे. सर्वसाधारणपणे नॉमिनी हा पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेणारा असतो. अंतिम हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितले. सातबारावरील फेरफार नोंदीचेही तसेच. ती महसुलासाठी असते, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

सहावी, घरच्यांशी बोलण्याची. विशेषतः पत्नीशी. घराची कागदपत्रे कुठे आहेत, विमा कोणता, मृत्युपत्र कोणाकडे ठेवले आहे, हे अनेक घरांत फक्त एकाच माणसाला ठाऊक असते. मृत्युपत्रातील निर्णय सगळ्यांना पटतीलच असे नाही. पण ते आपल्याला विश्वासात घेऊन झाले, हे कळलेला माणूस कोर्टाची पायरी चढण्याआधी दहा वेळा विचार करतो.

बाबा महाराजांनी निवडलेला माणूस चुकीचा नव्हता. कर्ज फेडण्यासाठी तो झटला, तुरुंग सोसला आणि शेवटी लंडनमधील न्यायालयात खराही ठरला. तरीही इस्टेट वर्षानुवर्षे दाव्यात अडकली, एका तरुण विधवेला कोर्टात उभे राहावे लागले आणि दोन दत्तकांची नावे न्यायालयाच्या कागदांत एकमेकांविरुद्ध लिहिली गेली. चांगला एक्झिक्युटर नेमणे पुरेसे नसते. त्याच्या हाती दिलेला कागदही तितकाच पक्का लागतो, आणि तो कागद पक्का करायला तब्येत ठणठणीत असतानाच बसावे लागते.